ऋण, लग्न आणि संसार : एल. व्ही. प्रसाद यांची गोष्ट

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना एल. व्ही. प्रसाद हे नाव ठाऊक आहे ते डोळ्यांच्या दवाखान्यामुळे. घरातल्या कोणाचा मोतीबिंदू असो, काचबिंदू असो की नातवंडाचा चष्मा असो, बंजारा हिल्सच्या रोड नंबर २ वर एखादी तरी फेरी झालेली असतेच. प्रसाद म्हणजे कोणी मोठे नेत्रतज्ज्ञ असावेत असा अनेकांचा समज असतो. ते डॉक्टर तर नव्हतेच, शाळेच्या अभ्यासातही त्यांचे मन कधी रमले नव्हते. ते चित्रपट दिग्दर्शक आणि निर्माते होते. तेलुगू घरांत आजही ज्यांची नावे आदराने घेतली जातात त्या ‘संसारम्’, ‘पेळ्ळि चेसि चूडु’, ‘मिस्सम्मा’ या चित्रपटांचे दिग्दर्शन त्यांचे. आपण मराठी मंडळींनीही त्यांचे चित्रपट भरपूर पाहिले आहेत, फक्त ते हिंदीत होते आणि पडद्यावरचे नाव वाचायची आपल्याला सवय नव्हती.

त्यांचे पूर्ण नाव अक्किनेनी लक्ष्मीवरप्रसाद राव. जन्म आंध्रातल्या एलुरूजवळ, सोमवरप्पाडु या खेड्यात, शेतकरी कुटुंबात. वडील श्रीरामुलु, आई बसवम्मा. गावात येणाऱ्या नाटक मंडळ्या, कलापथके यांच्या मागे हिंडण्यात लहानपण गेले. सतराव्या वर्षी मामाच्या मुलीशी, सौंदर्य मनोहरम्मा यांच्याशी लग्न झाले. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या कोणत्याही सधन शेतकऱ्याच्या मुलाची असू शकेल.

मग वडिलांचे कर्ज वाढत गेले. इतके की शेवटी दिवाळखोरी जाहीर करावी लागली. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे चरित्र वाचताना इतर लोक जिथून भरभर पुढे जातात तिथे मी थांबतो. खेड्यातल्या शेतकऱ्याचे दिवाळे वाजणे ही नुसती हिशेबाची बाब नसते. जमीन जाते, आणि त्याआधी पारावरची जागा जाते. काल जो माणूस चार लोकांचे तंटे सोडवत होता त्याला आज लोक चुकवून जातात. घरातल्या बायकांना पाण्यावर जाताना मान खाली घालावी लागते. प्रसाद यांनी हे सगळे ऐन तारुण्यात, नव्याने लग्न झालेले असताना पाहिले. त्यांच्या पुढच्या कामाचे मूळ मला इथे दिसते.

एक दिवस कोणालाही न सांगता, खिशात शंभर रुपये घेऊन ते घरातून निघाले आणि मुंबईला आले. चरित्रकारांना हा प्रसंग फार आवडतो, कारण पुढे त्या माणसाने नाव काढले. पण मागे राहिलेल्या मनोहरम्मा यांच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. सासऱ्यांचे दिवाळे निघालेले, नवरा परागंदा, आणि तो जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नाही. त्या दिवसांचा हिशेब कुठल्याही पुस्तकात लागलेला नाही. त्याची थोडी वसुली झाली असेल तर ती पुढे पडद्यावर.

मुंबईत व्हीनस फिल्म कंपनीत सांगकाम्या म्हणून काम मिळाले. इतके लांबलचक नाव कोण हाक मारणार, म्हणून तिथल्या मंडळींनी ते कापून ‘एल. व्ही. प्रसाद’ केले. आडनाव गेले, ते कायमचेच. पुढे आर्देशिर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीत शिरकाव झाला आणि योग असा की हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ तिथे तयार होत होता. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात तो लागला. नायक आपले मास्टर विठ्ठल. त्यात प्रसाद यांना एक बारीकशी भूमिका मिळाली. ‘आलम आरा’च्या वेळी तिथे असलेले एच. एम. रेड्डी यांनी मग तमिळचा पहिला बोलपट ‘कालिदास’ आणि तेलुगूचा पहिला बोलपट ‘भक्त प्रह्लाद’ केला. या दोन्हींतही प्रसाद होते. तीन भाषांच्या पहिल्या बोलपटांत काम केलेला माणूस म्हणून त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. भूमिका तिन्हीकडे लहान होत्या, आणि त्यावर पोट भरण्यासारखी परिस्थिती नव्हती.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे म्हणजे नुसती वणवण. चित्रपटगृहाच्या दारावर उभे राहणे, कोणा दिग्दर्शकाच्या हाताखाली मिळेल ते काम करणे, मधेच काम बंद पडणे. ‘कष्टजीवी’ नावाचा एक चित्रपट सुरू झाला, त्यात ते साहाय्यक होते. तीन रिळे झाली आणि तो थांबला. नावाप्रमाणेच झाले म्हणायचे. रिकाम्या हाताने गावी जायचे नाही हा त्यांचा हट्ट होता, म्हणून ते मुंबईतच राहिले. पृथ्वी थिएटरमध्ये जाणे-येणे झाले, तिथे तरुण राज कपूरची ओळख झाली. ती ओळख पुढे कामाला आली.

सन १९४३ च्या सुमारास एका तेलुगू चित्रपटासाठी साहाय्यक दिग्दर्शक म्हणून त्यांना मद्रासचे बोलावणे आले. चित्रपटाचे नाव ‘गृहप्रवेशम्’. गोष्टी अशा फिरत गेल्या की साहाय्यकाचे ते दिग्दर्शक झाले आणि शिवाय नायकही. नायिका भानुमती. १९४६ मध्ये तो पडद्यावर आला. घर सोडून गेलेल्या माणसाच्या पहिल्या दिग्दर्शनाचे नाव ‘गृहप्रवेश’ असावे हा योगायोगच. मी त्याला जास्त अर्थ चिकटवत नाही, पण नोंद केल्याशिवाय राहवतही नाही. पुढच्याच वर्षी ‘पलनाटि युद्धम्’ हा चित्रपट दिग्दर्शक गुडवल्ली रामब्रह्मम यांच्या आजारपणामुळे अडकला होता, तो प्रसाद यांनी पुरा केला. अर्धवट राहिलेले काम विश्वासाने हातात द्यावे असा माणूस, अशी त्यांची मद्रासेत ओळख झाली.

१९४९ च्या ‘मन देशम्’मध्ये त्यांनी एका नव्या तरुणाला पोलीस इन्स्पेक्टरची छोटी भूमिका दिली. हा तरुण सब-रजिस्ट्रारची सरकारी नोकरी काही आठवड्यांतच सोडून आला होता. नाव एन. टी. रामाराव. आमच्या पिढीत सरकारी नोकरी सोडणाऱ्याला घरचे वेड्यात काढत. हा वेडा पुढे आपल्याच राज्याचा मुख्यमंत्री झाला.

आता १९५० सालाकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथे सुरू होते. त्या एका वर्षात प्रसाद यांचे दोन चित्रपट आले, ‘शावुकारु’ आणि ‘संसारम्’. दोन्ही शब्दांचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. सावकार आणि संसार.

‘शावुकारु’ हा नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांच्या विजया संस्थेचा पहिला चित्रपट. खेड्यातली शेजारशेजारची दोन घरे. एक सावकाराचे, दुसरे साध्या कुटुंबाचे. मुलामुलींचे लग्न जवळपास ठरल्यासारखे, आणि सावकाराचा अहंकार दुखावताच सगळे मोडते. राजे नाहीत, राक्षस नाहीत, चमत्कार नाहीत. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात नुसती शेजाऱ्यांची भांडणे दाखवायची म्हणजे धाडस होते. कौतुक झाले, गल्ला मात्र बेताचाच जमला. यात पहिल्यांदा नायिका झालेल्या जानकी यांना पुढे आयुष्यभर ‘सौकार जानकी’ असेच म्हटले गेले. चित्रपटाचे नाव माणसाला आडनावासारखे चिकटले, तेही सावकाराचे.

‘संसारम्’ मात्र घराघरांत पोचला. सरकारी कचेरीतला कारकून, त्याची बायको, मुले आणि बेताचा पगार. हे घर छान चाललेले असते. मग गावाकडून आई येते, बहीण-मेहुणे येतात आणि मुक्कामच ठोकतात. खाणारी तोंडे वाढतात, पगार तेवढाच. आधी कुरबुर, मग भांडणे, मग उसनवारी. शेवटी त्या कारकुनाला काही सुचेनासे होते आणि तो घर सोडून निघून जातो. मागे बायको मोलमजुरी करून मुलांना जगवते. कारकून झाले होते एन. टी. रामाराव, त्यांची बायको लक्ष्मीराज्यम, आणि त्या दोघांबरोबर अक्किनेनी नागेश्वर राव. पुढे तेलुगू पडद्यावर जन्मभर स्पर्धा करणारे दोन्ही नट इथे एका घरात नांदतात.

हा चित्रपट पाहताना लक्षात येते की इथे खलनायक असा कोणी नाही. भांडखोर बायका आहेत, ऐतखाऊ मेहुणा आहे, पण घर बुडते ते महिनाअखेरीच्या हिशेबात. आम्ही बँकेत कर्ज देताना पगाराचा दाखला, अवलंबून असलेल्या माणसांची संख्या, आधीचे हप्ते हे सगळे बघायचो. प्रसाद यांनी पडद्यावर नेमके तेच मांडले आहे. आणि कर्त्या पुरुषाचे पळून जाणे त्यांनी शौर्य म्हणून दाखवलेले नाही. पळणाऱ्याची कीव येते, पण मन बायकोकडे जाते. एलुरूजवळच्या खेड्यातून एका रात्रीत निघून गेलेल्या माणसाने हे दृश्य बसवताना कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला असेल, हे मी सांगायला नको.

‘संसारम्’ची गोष्ट पुढच्याच वर्षी मद्रासच्या जेमिनी संस्थेने तमिळमध्ये आणि ‘संसार’ या नावाने हिंदीत काढली. म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या आपल्या जुन्या मंडळींनी ती पाहिली असण्याची बरीच शक्यता आहे. त्या गोष्टीला भाषांतराची गरज कमीच होती. महिन्याची वीस तारीख सगळीकडे सारखीच असते.

यानंतरच्या चित्रपटांची नावे मराठी माणसाने एकदा नीट ऐकावीत. १९५२ मध्ये ‘पेळ्ळि चेसि चूडु’, म्हणजे लग्न करून पाहा. आपण म्हणतो, घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून. तेलुगूत हुबेहूब हीच म्हण आहे, तिचा हा अर्धा भाग. कथा हुंड्याची. कबूल केलेला हुंडा मुलीच्या बापाला देता येत नाही आणि वरपिता मंडपातून मुलाला उठवतो. एवढा कडू विषय, पण सगळा चित्रपट हसवत नेलेला. प्रसाद यांचे हे मोठे कसब होते. डोळे वटारून उपदेश केला की घरातली वडीलधारी माणसे उठून जातात हे त्यांना पक्के ठाऊक होते. हसता हसता ती बसून राहतात, आणि घरी जाताना थोडी गप्प होतात.

मग १९५५ ची ‘मिस्सम्मा’. बी. ए. झालेला एक हिंदू तरुण आणि तशीच शिकलेली एक ख्रिस्ती तरुणी, दोघेही बेकार. एका जमीनदाराच्या शाळेत नवरा-बायको असलेल्या शिक्षक जोडप्यालाच नोकरी मिळणार असते, म्हणून ती दोघे लग्न झाल्याचे नाटक करतात. तिला नोकरी का हवी? घरावरचे कर्ज फेडायला. ज्याचे कर्ज आहे तो इसम व्याजाऐवजी तिच्याशी लग्न करायला टपलेला. पुन्हा कर्ज आणि पुन्हा लग्न, पण हलकेफुलके, चांदण्यासारखे. एस. व्ही. रंगाराव यांचा जमीनदार इतका भोळा आणि मायाळू आहे की त्याच्या शाळेत आपणही अर्ज करावा.

या चित्रपटाची एक पडद्यामागची हकीकत आहे. मेरीची भूमिका आधी भानुमतींची होती आणि काही रिळे तयारही झाली होती. निर्माते चक्रपाणी यांच्याशी त्यांचे बिनसले आणि त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या नायिकेच्या भूमिकेसाठी घेतलेली सावित्री मुख्य नायिका झाली, तिच्या जागी जमुना आली. याच सावित्रीला काही वर्षांपूर्वी ‘संसारम्’मध्ये मोठी भूमिका मिळाली होती आणि ऐनवेळी हातची गेली होती. प्रसाद यांनी तिला नंतर ‘पेळ्ळि चेसि चूडु’मध्ये घेतले, आणि मग ही मेरी. एकदा कमी पडलेल्या नव्या माणसावर कायमची फुली मारायची नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. सावित्री पुढे तेलुगूची केवढी मोठी अभिनेत्री झाली हे तुमच्या शेजारच्या कोणत्याही तेलुगू आजींना विचारा. तासभर मोकळा ठेवून विचारा.

आणि १९५९ मध्ये ‘अप्पु चेसि पप्पु कूडु’. शब्दशः अर्थ, कर्ज काढून वरणभात. आपले ‘ऋण काढून सण’ ते हेच. बाहेरून श्रीमंती थाट, आतून गळ्यापर्यंत देणे, अशा माणसाची ती हसरी फजिती. तमिळ आवृत्तीचे नाव ‘कडन वांगि कल्याणम्’, कर्ज काढून लग्न. शाखेत बसून मी अशी कितीतरी लग्ने कागदावर पाहिली आहेत. दिवाळखोराच्या मुलाने तीस वर्षांनी कर्जावर विनोदी चित्रपट काढावा आणि त्यात कुठेही कडवटपणा नसावा, हे मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठे वाटते.

याच सुमारास ते निर्माते झाले आणि हिंदीकडे वळले. १९५७ ची ‘शारदा’ त्यांनीच दिग्दर्शित केली, जुन्या ओळखीचे राज कपूर नायक आणि मीनाकुमारी नायिका. ज्या मुलीवर प्रेम केले तीच परिस्थितीमुळे सावत्र आई होऊन घरात येते, अशी अवघड कथा. ‘इलवेल्पु’ या नावाने ती आधी तेलुगूत येऊन गेली होती. त्याच वर्षी ‘मिस्सम्मा’ची हिंदी ‘मिस मेरी’ आली. पुढे ‘ससुराल’, ‘मिलन’, ‘खिलौना’ असे चित्रपट त्यांच्या संस्थेने दिले, दिग्दर्शक वेगवेगळे. ‘खिलौना’ला फिल्मफेअरचा सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला. यातल्या बऱ्याच कथा मुळात तेलुगू. दक्षिणेतल्या घरांतली सुखदुःखे उत्तरेकडच्या प्रेक्षकांपर्यंत नेणारा हा पूलच होता.

‘छोटी बहन’ (१९५९) आपल्याला जवळची वाटावी. तिची नायिका नंदा, म्हणजे मास्टर विनायक यांची मुलगी. वडील लहानपणीच गेले आणि या मुलीला बालपणापासून कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. प्रसाद यांनी तिला बलराज साहनी यांच्या बहिणीची भूमिका दिली आणि तिचे नाव देशभर झाले. त्या कथेतल्या बहिणीची दृष्टी जाते. १९८१ मध्ये कमल हासनच्या ‘राजा पार्वै’ या तमिळ चित्रपटात सत्तरी ओलांडलेले प्रसाद स्वतः अभिनय करायला उभे राहिले, नायिकेच्या आजोबांच्या भूमिकेत. नायक अंध व्हायोलिनवादक.

त्याच १९८१ चा ‘एक दूजे के लिए’ही त्यांच्याच संस्थेचा, दिग्दर्शक के. बालचंदर. तेलुगू ‘मरो चरित्र’ विशाखापट्टणममध्ये घडते, हिंदीत ती गोष्ट गोव्याला नेली. दोना पावलाची ती जागा लोक अजून या चित्रपटामुळे बघायला जातात, हे आपले गोव्याचे सभासद जास्त चांगले सांगतील. भाषा वेगळी म्हणून दोन शेजारी घरे मुलांचे प्रेम तोडायला निघतात, ही कथा. आज आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत तेलुगू सुना आणि जावई सुखाने नांदत आहेत, गणपतीत उकडीचे मोदक आणि पुलिहोरा एकाच पंगतीत असतात. १९८१ मध्ये हे इतके सोपे नव्हते.

मद्रासमध्ये त्यांनी स्टुडिओ उभारला, १९७६ मध्ये फिल्म लॅबोरेटरी काढली. १९८२ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. व्यवसाय मुलांनी वाढवला. हुसेनसागरजवळचे प्रसाद्स हे चित्रपटगृह त्यांच्या कुटुंबाचेच, ते त्यांच्या पश्चात २००३ मध्ये सुरू झाले.

डोळ्यांच्या दवाखान्याचे असे झाले. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव अमेरिकेतली प्राध्यापकी सोडून परतले होते आणि जागतिक दर्जाची नेत्रसंस्था उभारायची त्यांची इच्छा होती. प्रसाद कुटुंबाने बंजारा हिल्समधली पाच एकर जमीन आणि एक कोटी रुपये दिले. १९८७ मध्ये संस्था सुरू झाली. एक कोटीची त्या काळची किंमत तरुण मंडळींना कळणार नाही. तेव्हा आमच्यासारख्या अधिकाऱ्याचा सगळ्या नोकरीचा पगार एकत्र केला तरी त्या आकड्याच्या जवळपास पोचत नव्हता. ज्यांना परवडत नाही अशा रुग्णांवर मोफत उपचार करायचे हे धोरण संस्थेने पहिल्यापासून ठेवले. तिथे बिलाच्या खिडकीशी उभे असताना शेजारच्या रांगेतला खेडूत बिल न भरता त्याच डॉक्टरांकडे जाताना मी पाहिला आहे.

२२ जून १९९४ ला प्रसाद गेले. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले.

ज्या घरांत तेलुगू समजणारे कोणी आहे त्यांनी सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना घेऊन ‘मिस्सम्मा’ पाहावा, मुलांनाही आवडेल. ‘संसारम्’ मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाहा, पगार झाल्यावर.